काटेरी झुडपाची सावली

शास्त्रपाठ : शास्ते ९:१-२१ व ९:४६-४९



शास्ते ग्रंथाचा नववा अध्याय आपल्या उपासनेत क्वचितच वाचला जातो. गिदोनाची गोष्ट रविवारच्या शाळेतील मुलांना पाठ असते, शमशोनाची तर विचारायलाच नको. पण या दोघांच्या मधे जो हा रक्ताने माखलेला अध्याय आहे त्याचे पान आपण मुकाट्याने उलटतो. यात कोणी वीर नाही, कसला चमत्कार नाही. ‘परमेश्वर’ हे नावसुद्धा या अध्यायात एकदाही येत नाही. ‘देव’ असा मोघम उल्लेख तेवढा आहे. मात्र निवडणुकीचे दिवस आले आणि भिंती रंगू लागल्या की मला हाच अध्याय काढून बसावेसे वाटते, कारण एका माणसाने लोकांकडून सत्ता कशी मिळवली याचा इतका स्वच्छ वृत्तांत पवित्र शास्त्रात दुसरीकडे नाही.

गिदोन मेला. त्याला सत्तर पुत्र होते, आणि शखेम गावच्या दासीपासून झालेला अबीमलेख नावाचा एक पुत्र होता. हा अबीमलेख आपल्या आजोळी शखेमास जातो आणि मामालोकांना गाठतो. तुमच्यावर सत्तर जणांनी राज्य करावे हे बरे की एकाने, असे तो आधी विचारतो आणि लगेच आठवण करून देतो की मी तुमच्याच हाडामांसाचा आहे. आता त्याचे भाषण पुन्हा वाचून पाहा. मी न्याय कसा करीन, विहिरी कोठे खणीन, मिद्यानी पुन्हा आले तर काय करीन, यातले एक अक्षर त्यात नाही. मी तुमचा आहे, एवढेच. आणि शखेमकरांचे मन तेवढ्यावर वळले.

पुढची पायरी पैशाची. शखेमात बआल-बरीथाचे देऊळ होते. त्या देवळाच्या भांडारातून सत्तर रुपये त्याला काढून देण्यात आले. भाऊ सत्तर, रुपयेही सत्तर. डोक्यामागे एक रुपया हा हिशेब लिहिणाऱ्याने मुद्दाम आपल्यापुढे ठेवला आहे. त्या पैशातून अबीमलेखाने रिकामटेकडी, उडाणटप्पू माणसे भाड्याने घेतली, अफ्रा येथे बापाच्या घरी जाऊन एकाच शिळेवर आपल्या भावांना मारले आणि परत येऊन शखेमच्या वृक्षाखाली राज्याभिषेक करवून घेतला. शखेमचा वृक्ष म्हटला की यहोशवाच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय आठवतो. यहोशवाने लोकांकडून करार करून घेतला आणि साक्षीसाठी मोठा धोंडा उभा केला तो शखेमातच, एका वृक्षाखाली. कोणाची सेवा करायची हे निवडून घ्या, असे ज्या गावात एकदा विचारले गेले होते त्याच गावात ही निवड झाली. धर्मस्थानाचा पैसा, धर्मस्थानाची जागा आणि रक्ताचे नाते, या तीन गोष्टी त्याला पुरल्या.

सर्वांत धाकटा योथाम तेवढा लपून राहिला म्हणून वाचला. तो गरिज्जीम डोंगराच्या माथ्यावर चढला आणि तेथून ओरडून त्याने झाडांची गोष्ट सांगितली. झाडे राजा नेमायला निघाली. जैतुनाला विचारले, त्याने म्हटले, माझे तेल सोडून मी तुमच्यावर डोलत राहू काय? अंजिराने आपल्या गोडीचे कारण सांगितले, द्राक्षवेलीने आपल्या रसाचे. शेवटी झाडे काटेरी झुडपाकडे गेली. झुडूप म्हणाले की खरोखरच मला अभिषेक करत असाल तर या, माझ्या सावलीत आसरा घ्या. नाही तर माझ्यातून अग्नी निघो आणि लबानोनाचे गंधसरू जाळून टाको.

आमच्या दख्खनच्या माळावर बोरी-बाभळीची झुडपे पुष्कळ. गुडघ्याएवढ्या झुडपाची सावली शेळीच्या करडालाही पुरत नाही हे कोणताही गुराखी सांगेल. उन्हाळ्यात मात्र वणवा लागला तर तो याच वाळक्या काट्यांतून धावत मोठ्या झाडापर्यंत पोचतो. म्हणजे झुडपाची धमकी खरी होती आणि आश्वासन खोटे होते. राजा निवडताना झाडांनी वर मान करून एकदा तरी पाहिले का, की याच्याखाली बसायला जागा किती आहे?

सावली म्हणजे काय हे आम्हा अफझलगंजात राहणाऱ्यांना एका झाडाने शिकवले आहे. पाचव्या निजामाच्या, अफझलउद्दौलाच्या नावाचा हा धान्याचा गंज मुसी नदीच्या काठी वसला आहे. २८ सप्टेंबर १९०८ या दिवशी मुसीला जो पूर आला त्यात काही तासांत हजारो माणसे वाहून गेली. मृतांचा आकडा पंधरा हजारांच्या आसपास सांगितला जातो. येथला जुना दवाखाना त्या लोंढ्यात गेला. पण काठावर एक चिंचेचे झाड होते. त्याच्या फांद्यांवर चढून सुमारे दीडशे माणसे जिवंत राहिली. ते झाड आता उस्मानिया दवाखान्याच्या आवारात आहे, पाहुणे आले की आम्ही ते दाखवतो. खालून पाणी चढत असताना वरच्या माणसाने खालच्याला हात दिला असेल तेव्हा त्याने त्याची जात विचारली नसणार, आणि चिंचेने तर नाहीच.

पूर ओसरल्यावर काय झाले तेही सांगण्याजोगे आहे. पुन्हा असे होऊ नये म्हणून निजाम सरकारने १९०९ मध्ये विश्वेश्वरय्यांना बोलावले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला हा म्हैसूरचा ब्राह्मण, आणि राज्य मुसलमान नबाबाचे. त्यांनी वरच्या अंगाला पाणी अडवण्याची योजना आखून दिली आणि त्यातून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर असे दोन तलाव पुरे झाले. तो राजा काही लोकांनी निवडलेला नव्हता, त्याच्या कारभारात दोष पुष्कळ होते. पण धरण बांधताना त्याच्या सरकारने माणूस आपल्या हाडामांसाचा आहे का हे पाहिले नाही, त्याला काम येते का हे पाहिले.

त्याच शहरात चाळीस वर्षांनी काय घडले ते मराठवाड्यातील वाचकांना मी सांगायला नको. मजलिस ही संस्था १९२७ मध्ये स्थापन झाली. पुढे लातूरचे वकील कासीम रझवी तिचे पुढारी झाले. त्यांच्या रझाकारांनी धर्माच्या नावावर खेड्यापाड्यांत जो जुलूम केला त्याच्या आठवणी आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून आपण ऐकल्या आहेत. मग १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात सामील झाले. यानंतरचे पान मात्र कमी वाचले जाते. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती नेहरू सरकारने हैदराबादेत पाठवली होती. पोलीस कारवाईच्या वेळी व नंतर मारल्या गेलेल्यांचा आकडा तिने कमीत कमी धरून २७,००० ते ४०,००० असा दिला. हे बहुतेक सारे गरीब मुसलमान होते, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले. रझाकारांशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशांनी त्यांची किंमत चुकवली. योथामाच्या शापाचे शेवटचे वाक्य लोक विसरतात. अबीमलेखातून अग्नी निघून शखेमकरांना जाळील एवढे बोलून तो थांबला नाही, शखेमकरांतूनही अग्नी निघेल असे तो म्हणाला. आग दोन्हीकडून लागते.

त्या अहवालात एक गोष्ट अशी आहे की ती वाचून मला चिंचेची आठवण होते. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जमावापासून वाचवले, आणि तसे करताना काहींनी स्वतःचे प्राण गमावले. एका धंद्यातली माणसे. वर्षानुवर्षे मागाला माग लावून बसलेली. पुढाऱ्यांची भाषणे त्यांनीही ऐकली असतील, पण शेजारी बसणाऱ्या माणसाची ओळख त्यांना भाषणापेक्षा जवळची होती.

आता आजच्या मतदाराकडे वळू. आपल्या मंडळ्यांमधला शिकलेला, उदार विचारांचा माणूस आज अगदी वैतागलेला आहे. दवाखान्यात खाट मिळत नाही, मुलाला नोकरी नाही, नाल्याचे पाणी पावसाळ्यात घरात शिरते, आणि सभेला जावे तर व्यासपीठावर एका देवाचा जयघोष चाललेला असतो. पलीकडच्या मैदानात दुसऱ्या देवाचा. माझ्या ओळखीचा एक तरुण मला म्हणाला, “भाऊ, यांच्यामुळे मला राजकारणाचा नाही, धर्माचाच कंटाळा आला आहे.” दुसरे एक वडीलधारे म्हणाले की आपण मूठभर, महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे ख्रिस्ती लोक शंभरात एकसुद्धा भरत नाहीत, मग आपल्या मताने होणार काय? या दोन्ही बोलण्यांत निराशा आहे आणि दोन्हींना कारण आहे. मी त्यांना अविश्वासी म्हणणार नाही. धर्माचा असा वापर पाहून ज्याला काहीच वाटत नाही त्याची मला अधिक काळजी वाटते.

कायदा आहे, नाही असे नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाने धर्माच्या नावावर मत मागणे भ्रष्ट आचरण ठरवले आहे. मुंबईच्या विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक याच कारणावरून रद्द झाली, सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तो निर्णय कायम केला आणि पुढे प्रचारातील भाषणांबद्दल शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, या कलमाचा अर्थ आणखी व्यापक केला : उमेदवाराचाच काय, मतदाराचा धर्म काढूनही मत मागता येणार नाही. पण तीन शहाणे न्यायमूर्ती वेगळे मत देतात यावरून प्रश्न सोपा नाही हे उघड आहे. धर्मामुळे ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांनी तो अन्याय निवडणुकीत बोलून दाखवू नये काय, अशी त्यांची शंका होती. आणि मामाच्या घरी बसून हळू आवाजात सांगितलेले ‘मी तुमच्या हाडामांसाचा’ हे कोणते न्यायालय पकडणार?

येथे मला अमेरिकेचा विषय काढणे भाग आहे. आपल्या पुष्कळ मराठी ख्रिस्ती कुटुंबांची मुले तिकडे आहेत आणि तिकडची बातमी आता घरच्या बातमीसारखी येते. शिवाय आपले त्या देशाशी जुने नाते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, अमेरिकन मराठी मिशनचे काम त्यांच्यापासून सुरू झाले आणि अहमदनगरकडच्या आपल्या कित्येक मंडळ्या त्याच झाडाच्या फांद्या आहेत. ज्यांनी आपल्या पणजोबांच्या हाती शुभवर्तमान दिले त्यांच्या देशात तेच शुभवर्तमान निवडणुकीत फडकवले जाते, हे पाहून तिकडे राहणारा आपला भाचा किंवा पुतण्या जेव्हा फोनवर संतापतो तेव्हा त्याला काय उत्तर द्यावे?

१९७६ मध्ये जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. हा माणूस बॅप्टिस्ट, रविवारच्या शाळेत शिकवणारा. पद सोडल्यावरही म्हातारपणी आपल्या प्लेन्स गावच्या मंडळीत तो धडे देत असे. पण १९७९ मध्ये जेरी फॉलवेल या पाळकांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ नावाची संघटना उभारली आणि १९८० च्या निवडणुकीत तिने कार्टर यांच्याविरुद्ध बळ लावले. तेथपासून एका पक्षाची आणि मंडळ्यांच्या एका मोठ्या भागाची गाठ पक्की होत गेली. २०१६ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी पाचांत चार जणांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिले. १ जून २०२० रोजी निदर्शकांना बळाने हटवल्यानंतर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प वॉशिंग्टनच्या सेंट जॉन चर्चसमोर पवित्र शास्त्र हातात उंच धरून उभे राहिले. त्या धर्मप्रांताच्या बिशप मेरीअॅन बडी यांनी त्याला उघड हरकत घेतली. याच बाईंनी २१ जानेवारी २०२५ रोजी त्यांच्यासमोर उपदेश करताना, जे घाबरलेले आहेत त्यांच्यावर दया करावी, अशी विनंती केली. विनंती साधी होती. तिचाही राग आला.

परंतु माझे लक्ष एका वेगळ्या आकड्याकडे जाते. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत २००७ मध्ये अमेरिकेतील शंभर प्रौढांपैकी ७८ जण स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते. २०२३-२४ च्या पाहणीत ६२. याची कारणे अनेक आहेत. मात्र हाऊट व फिशर या दोन समाजशास्त्रज्ञांनी २००२ मध्येच दाखवले होते की धर्माचे नाव सोडणाऱ्यांत मध्यम व उदार मतांचे लोक अधिक आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांची देवावरची श्रद्धा गेलेली नाही, आणि धर्माच्या नावाने चाललेल्या राजकारणाचा त्यांना वीट आला आहे. म्हणजे माझ्या ओळखीच्या त्या तरुणाचे अगदी तेच बोलणे, समुद्रापलीकडून.

आता शास्ते नऊच्या शेवटाकडे या, कारण तेथे हे सर्व आधीच लिहिलेले आहे. तीन वर्षांनी अबीमलेख आणि शखेमकर यांच्यात बिनसले. तो गावावर चालून आला. बुरुजातले लोक घाबरून एल-बरीथाच्या देवळाच्या गढीत शिरले. हे बहुतेक तेच देऊळ, ज्याच्या भांडारातून सत्तर रुपये निघाले होते. त्यांना वाटले असेल की निदान येथे तो हात लावणार नाही. हे तर त्याचेही देऊळ, याच पैशावर तो उभा राहिला. अबीमलेखाने सल्मोन डोंगरावर जाऊन कुऱ्हाडीने फांदी तोडली, खांद्यावर घेतली, बरोबरच्या लोकांनाही तसेच करायला लावले आणि त्या फांद्या गढीभोवती रचून आग लावली. सुमारे हजार स्त्रीपुरुष आत जळून मेले. ज्या देवळाने त्याला पैसा पुरवला तेच त्याने जाळले. झुडपातून निघालेल्या अग्नीने आसऱ्याला आलेल्यांनाच गाठले.

म्हणून मी जेव्हा आमच्याकडची नाताळची गडबड पाहतो तेव्हा मला आनंदाबरोबर धास्तीही वाटते. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाल्यापासून नाताळात सरकारी मेजवानी आणि गरिबांना कपडे देण्याची प्रथा पडली. रमजानला आणि बतुकम्माला तशाच भेटी. गरीब बाईला नवे लुगडे मिळाले याचे वाईट का वाटावे? तिने ते आनंदाने नेसावे. पण मेजवानीच्या पंगतीत पाळक पुढच्या खुर्चीवर बसला आणि पुढल्या रविवारी त्याच्या तोंडून एका नावाची शिफारस निघाली तर हिशेब बदलतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती झालेल्या दलिताला मात्र बाहेर ठेवले. केक घेऊन येणाऱ्या किती पाहुण्यांना आपण हा प्रश्न विचारला? आपण विचारतो कबरस्तानाच्या भिंतीचे. भिंत हवीच, पण भिंतीच्या बदल्यात व्यासपीठ देऊ नये.

आणि हे मी ख्रिस्ती उमेदवाराबद्दलही म्हणतो. किंबहुना त्याच्याबद्दल जास्त. तो आपल्या हाडामांसाचा असतो, त्याला आडनावाने ओळखता येते, त्याच्या आजीला आपल्या आजीने वाढलेले असते. त्याला मत द्यायचे तर अवश्य द्यावे, परंतु तो काय करणार हे दुसऱ्या उमेदवाराइतकेच खडसावून विचारून. राज्यघटना घडत असताना, १९४९ च्या मे महिन्यात, धार्मिक अल्पसंख्याकांसाठी कायदेमंडळात राखीव जागा नकोत असा ठराव ज्यांनी मांडला ते डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ होते, घटना समितीचे उपाध्यक्ष. तो निर्णय बरोबर होता की भाबडा, यावर आजही आपल्यात वाद होतो. त्यांची अपेक्षा मात्र स्पष्ट होती : ख्रिस्ती माणसाने आपल्या गटाचा माणूस म्हणून नव्हे, सर्वांच्या कामाचा माणूस म्हणून उभे राहावे.

मग धर्माने राजकारणात तोंडच उघडू नये काय? येथे मी माझ्या उदार मित्रांशी सहमत नाही. ज्या अमेरिकन बोर्डाने हॉल आणि नॉट यांना मुंबईला धाडले त्याच बोर्डाची दुसरी एक गोष्ट आहे. जॉर्जिया राज्याला चेरोकी लोकांची जमीन हवी होती. बोर्डाचे चिटणीस जेरेमाया एव्हर्ट्स यांनी १८२९ पासून त्याविरुद्ध लेख लिहिले आणि राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांच्या धोरणाला विरोध केला. चेरोकींमध्ये राहणारे बोर्डाचे मिशनरी सॅम्युएल वूस्टर यांना राज्याशी एकनिष्ठतेची शपथ घ्यायला सांगितले गेले. त्यांनी ती घेतली नाही, तेव्हा चार वर्षांची सक्तमजुरी झाली. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वूस्टर यांच्या बाजूने निकाल दिला, तरी त्यांना सुटायला १८३३ उजाडले, आणि चेरोकींना तर १८३८ मध्ये हुसकून लावण्यातच आले. वाटेत हजारो मेले. वूस्टर त्यांच्या आधीच पश्चिमेला गेले होते, तेथे त्यांच्यातच राहिले आणि मेले. हेही राजकारणच होते. फरक एवढाच की त्यात वूस्टर स्वतःसाठी काही मागत नव्हते. आपल्या पंडिता रमाबाई १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून बसल्या तेव्हा त्यांना तरी आपल्यासाठी काय मिळवायचे होते?

पुढाऱ्याचा धर्म कोणता हे तपासण्याची रीत यिर्मयाने बाविसाव्या अध्यायात घालून दिली आहे. यहोयाकीम राजा मजुरी न देता लोकांकडून वाडा बांधून घेत होता, भिंतींना गंधसरूचे तक्ते ठोकून वर हिंगूळ लावत होता. संदेष्टा त्याला विचारतो की गंधसरूच्या चढाओढीने तू राजा ठरतोस काय? तुझ्या बापाने, योशीयाने, गरीब व कंगाल यांचा न्याय केला. आणि मग परमेश्वराचे विलक्षण म्हणणे येते की मला ओळखणे ते हेच. योशीयाने मंदिराची डागडुजी केली होती, मूर्ती फोडल्या होती, वल्हांडण थाटाने पाळला होता. त्यातले एकही यिर्मया येथे पुढे करत नाही. मजुराची मजुरी आणि गरिबाचा न्याय, एवढे दोनच दाखले तो मागतो.

ही रीत घेऊन आपण आपल्या गल्लीत उभे राहू शकतो. उस्मानिया दवाखान्यात मी अनेकदा भेटीला जातो. महबूबनगरपासून, बिदरपासून आलेले रोग्यांचे नातेवाईक व्हरांड्यात आणि बाहेर फुटपाथवर चादर पसरून झोपलेले असतात. उमेदवार दारी आला की या माणसांसाठी काय करणार, हे विचारावे. हे आपल्या मंडळीचे काम नाही असे कोणी म्हणाले तर चिंचेच्या झाडाकडे बोट दाखवावे.

आणि ज्या जैतुनाने, अंजिराने, वेलीने नकार दिला त्यांच्याविषयीही बोलले पाहिजे. काही भाष्यकार त्यांची स्तुती करतात : आपले फळ सोडून सत्तेमागे धावले नाहीत. ते खरे असेल. पण त्यांच्या नकारानंतर राहिले काय, झुडूप. आज आमच्यातले डॉक्टर, शिक्षक, चांगले वकील म्हणतात की राजकारण घाणेरडे आहे, आमच्या कामाला धक्का नको. आणि ‘मी यंदा मत देणारच नाही’ म्हणणारा तरुण त्यांचाच धाकटा भाऊ. लोकांनी प्रभूला बळजबरीने राजा करायचे ठरवले तेव्हा तोही एकटा डोंगरावर निघून गेला, हे योहानाच्या सहाव्या अध्यायात आहे. पण त्याच रात्री वारा सुटलेला असताना तो शिष्यांच्या होडीकडे आला. पुढे यरुशलेमास गेला. पिलातासमोर उभा राहिला आणि आपले राज्य कशाचे आहे हे त्याला तोंडावर सांगितले. त्याने मुकुट नाकारला, लोकांना टाकले नाही.

मंडळीच्या पंचांपुढे माझी एक विनंती आहे. मतदानाच्या आधीच्या रविवारी कोणत्याही उमेदवाराला व्यासपीठावर बोलावू नये, मंडळीच्या नावाचे पत्र कोणाला देऊ नये आणि देणगीची पावती त्या महिन्यात फाडूच नये. त्याऐवजी आपल्या मतदारसंघातील सर्व उमेदवारांची नावे कागदावर लिहून घ्यावी आणि प्रत्येकासाठी नाव घेऊन प्रार्थना करावी. जो आपला आहे त्याच्यासाठी, जो आपल्याविरुद्ध बोलला त्याच्यासाठी, आणि ज्याला आपण मुळीच मत देणार नाही त्याच्यासाठी सुद्धा. पौलाने तीमथ्याला राजांसाठी प्रार्थना करायला लिहिले तेव्हा, परंपरेप्रमाणे, रोमच्या गादीवर नीरो होता. प्रार्थना झाली की सोमवारी मतदार यादीत आपले नाव आहे की नाही ते पाहून यावे, आणि शेजारच्या म्हातारीचेही पाहावे.